कंटेनरमधले सॉफ्टवेअर : इमेज बांधण्यापासून सर्व्हरवर चालवण्यापर्यंत

लिनक्सच्या कर्नलच्या दृष्टीने कंटेनर ही एक नेहमीचीच प्रोसेस असते. तिला काय दिसावे आणि तिने किती वापरावे, यावर मर्यादा घातलेल्या असतात इतकेच. काय दिसावे ते नेमस्पेस ठरवतात. त्यांच्यामुळे प्रोसेसला स्वतःची फाइल सिस्टिम, स्वतःचे नेटवर्क आणि स्वतःचे प्रोसेस क्रमांक मिळतात. शेजारी चाललेले बाकीचे प्रोग्रॅम तिच्या नजरेआड राहतात. किती वापरावे ते सीग्रुप ठरवतात. मेमरी आणि सीपीयूचा वाटा आखून देणाऱ्या या सोयीवर गूगलमधील अभियंत्यांनी २००६ मध्ये काम सुरू केले आणि २००८ च्या जानेवारीत आलेल्या २.६.२४ या कर्नलमध्ये ती दाखल झाली.

कंटेनरच्या आत जाऊन पाहिले, तर मुख्य प्रोग्रॅमचा प्रोसेस क्रमांक १ दिसतो. त्याच वेळी होस्ट सर्व्हरवर पाहिले, तर तोच प्रोग्रॅम चार-पाच आकडी क्रमांक घेऊन इतर प्रोसेसच्या यादीत सापडतो. ही एक गोष्ट नीट समजली की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. व्हर्च्युअल मशीनला स्वतःचा कर्नल असतो, तो सुरू व्हायला वेळ लागतो आणि मेमरीही लागते. कंटेनर होस्टचाच कर्नल वापरतो, म्हणून तो क्षणात सुरू होतो. पण याच कारणाने त्याची भिंत व्हर्च्युअल मशीनपेक्षा पातळ असते: कर्नलमध्ये दोष निघाला तर तो सगळ्या कंटेनरना सारखाच भोवतो. विंडोज किंवा मॅकवर डॉकर डेस्कटॉप वापरणाऱ्यांच्या संगणकात पडद्यामागे लिनक्सचे एक छोटे व्हर्च्युअल मशीन चालू असते, कारण लिनक्स कंटेनरला लिनक्सचाच कर्नल लागतो.

प्रोसेसला वेगळे कोंडण्याची कल्पना जुनी आहे. युनिक्समध्ये सीएचरूट १९७९ मध्ये आले, फ्रीबीएसडीमध्ये जेल २००० मध्ये. डॉटक्लाउड कंपनीच्या सॉलोमन हाइक्स यांनी मार्च २०१३ मध्ये पायकॉन परिषदेत डॉकर दाखवले, तेव्हा त्यातले खरे नावीन्य इमेजचे होते: प्रोग्रॅम, त्याच्या लायब्ररी आणि सेटिंग एकत्र बांधून कोणत्याही लिनक्स सर्व्हरवर जशाच्या तशा उतरवण्याची पद्धत. जून २०१५ मध्ये ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह स्थापन झाले आणि इमेजचा आराखडा कोणा एका कंपनीच्या हातात राहिला नाही. त्यामुळे डॉकरने बांधलेली इमेज पॉडमॅन किंवा कुबरनेटीस यांसारख्या इतर साधनांवरही चालते, आणि इथे दिलेले बहुतेक सारे मार्गदर्शन साधन बदलले तरी लागू पडते.

विवेचनासाठी एक उदाहरण धरले आहे. गृहनिर्माण सोसायटीच्या देखभाल शुल्काच्या मराठी पावत्या पीडीएफमध्ये काढणारे पायथॉनचे एक वेब अ‍ॅप्लिकेशन, आणि जोडीला पोस्टग्रेस डेटाबेस. काम लहान आहे, पण कंटेनरमध्ये येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्यात भेटतात.

इमेज बांधणे

इमेज थरांची बनलेली असते. इमेज कशी बांधायची ते डॉकरफाइलमध्ये लिहितात; तिच्यातल्या, फाइली बदलणाऱ्या प्रत्येक सूचनेतून एक थर तयार होतो, आणि बिल्ड पुन्हा चालवले की न बदललेले थर कॅशमधून उचलले जातात. एक थर बदलला की मात्र त्याच्यानंतरचे सगळे पुन्हा बांधावे लागतात. म्हणून क्रमाला महत्त्व आहे. जे क्वचित बदलते ते वर आणि जे रोज बदलते ते खाली ठेवावे. पायथॉनच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये आधी फक्त लायब्ररींची यादी असलेली फाइल आत घ्यावी, त्या लायब्ररी बसवाव्यात आणि मगच उरलेला कोड कॉपी करावा. हा क्रम उलटा झाला, तर एका ओळीतली चूक सुधारली तरी सगळ्या लायब्ररी पुन्हा डाउनलोड होतात.

बिल्ड सुरू होताना फोल्डरमधल्या फाइली बिल्डरच्या हाती जातात आणि सरसकट कॉपीच्या सूचनेने त्या इमेजमध्येही जाऊन बसतात. गिटचा इतिहास, चाचणीसाठी आणलेला डेटाबेसचा डंप, पासवर्ड असलेली सेटिंगची फाइल यांपैकी काहीही आत जाता कामा नये. अशा फाइली वगळणारी डॉकरइग्नोअर फाइल लिहिणे हे पहिल्याच दिवसाचे काम आहे.

पासवर्डच्या बाबतीत थरांचा स्वभाव विशेष जपून लक्षात घ्यावा लागतो. एका सूचनेत फाइल आत घेतली आणि पुढच्या सूचनेत ती पुसली, तरी आधीच्या थरात ती जशीच्या तशी उरते. इमेज हाती असलेल्या कोणालाही ती काढता येते. बिल्डच्या वेळी आर्ग्युमेंट म्हणून दिलेला पासवर्डही इमेजच्या इतिहासात उघडा दिसू शकतो. बिल्ड करताना गुप्त किल्ली लागणारच असेल, तर बिल्डकिटची सीक्रेट माउंटची सोय वापरावी. तीत किल्ली त्या एका सूचनेपुरती उपलब्ध होते आणि थरात उतरत नाही. अ‍ॅप्लिकेशन चालताना लागणारे पासवर्ड इमेजमध्ये नसावेतच. ते कंटेनर सुरू करताना बाहेरून द्यावेत.

बेस इमेज निवडताना आकाराचा मोह आवरावा. अल्पाइनची इमेज काही एमबींचीच असते, म्हणून ती अनेकांना भावते. पण अल्पाइनमध्ये जीलिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी असते. पायथॉनच्या अनेक लायब्ररींची तयार पॅकेजेस जीलिबसीसाठी बांधलेली असतात. मसलसाठी ती मिळाली नाहीत, तर बिल्डच्या वेळी सी कंपायलर आणून सगळे मुळापासून बांधावे लागते, आणि वाचवलेल्या एमबींपेक्षा गेलेले तास जास्त होतात. पायथॉनच्या अ‍ॅप्लिकेशनसाठी डेबियनची स्लिम इमेज हा जास्त शहाणपणाचा पर्याय आहे. आकार खरोखर कमी करायचा असेल, तर मल्टि-स्टेज बिल्ड वापरावे: पहिल्या टप्प्यात कंपायलर आणून बांधणी करावी आणि दुसऱ्या टप्प्यात फक्त तयार झालेल्या फाइली घ्याव्यात. २०१७ पासून डॉकरमध्ये ही सोय आहे. त्यामुळे कंपायलर सर्व्हरपर्यंत पोचत नाही, आणि घुसखोराच्या हाती आयते हत्यारही पडत नाही.

टॅग हे इमेजला लावलेले नाव आहे आणि ते कधीही दुसऱ्या इमेजवर हलवता येते. 'लेटेस्ट' हाही असाच एक टॅग. त्यावर विसंबून बांधलेले अ‍ॅप्लिकेशन आज चालते आणि पुढच्या महिन्यात कोडला हात न लावताही मोडू शकते. बेस इमेजची निश्चित आवृत्ती लिहावी. अगदी अचूक बांधणी हवी असेल तर डायजेस्ट लिहावा. हा एसएचए-२५६ने काढलेला ठसा असतो आणि इमेजमधला एक बाइट बदलला तरी तो बदलतो. स्वतःच्या इमेजला गिट कमिटचा क्रमांक टॅग म्हणून द्यावा, म्हणजे सर्व्हरवर नेमका कोणता कोड चालू आहे हे विचारत बसावे लागत नाही. आवृत्ती अशी गोठवली की दुसरी जबाबदारी येते: सुरक्षेच्या दुरुस्त्या इमेजमध्ये आपोआप येत नाहीत. ठरावीक दिवसांनी बेस इमेज नवी घेऊन सगळे पुन्हा बांधण्याची शिस्त ठेवावीच लागते.

अ‍ॅपलच्या एम मालिकेतल्या चिपवर बांधलेली इमेज मुळात एआरएम प्रोसेसरसाठी असते. ती इंटेल किंवा एएमडीच्या सर्व्हरवर नेली की सुरू होताच 'एक्झेक फॉरमॅट एरर' येते. बिल्डच्या वेळी प्लॅटफॉर्म स्पष्ट लिहिला की हा प्रश्न सुटतो.

मराठी अक्षरे आणि भारतीय वेळ

इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शिकांमध्ये हा भाग सहसा सापडत नाही, आणि मराठीत काम करणाऱ्यांना त्रास मात्र इथेच होतो. विकासकाच्या लॅपटॉपवर पावतीतले 'देखभाल शुल्क' नीट उमटते. तोच कोड कंटेनरमध्ये गेला की पीडीएफमध्ये अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात. कारण साधे आहे. लॅपटॉपवर देवनागरी फॉन्ट आधीपासून असतात आणि स्लिम इमेजमध्ये एकही नसतो. डेबियनमध्ये लोहित देवनागरीचे किंवा नोटो फॉन्टचे पॅकेज डॉकरफाइलमध्ये नावानिशी बसवावे. फॉन्ट आला तरी 'क्ष', 'र्य' किंवा पहिली वेलांटी चुकत असेल, तर पीडीएफ काढणारी लायब्ररी अक्षरजुळणी करत नाही असे समजावे. हार्फबझसारख्या अक्षरजुळणी करणाऱ्या इंजिनाचा आधार असलेली लायब्ररी निवडावी. ही चाचणी कंटेनरमध्येच करावी, लॅपटॉपवर केलेली चाचणी इथे उपयोगाची नाही.

लोकेलचेही असेच आहे. अनेक बेस इमेजमध्ये लोकेल ठरवलेले नसते. जावा १८ पासून फाइल वाचण्या-लिहिण्याचे मूळ एन्कोडिंग यूटीएफ-८ झाले. त्याआधीच्या आवृत्त्या ते लोकेलवरून ठरवत, आणि मराठी मजकुराची प्रश्नचिन्हे होत. भाषा कोणतीही असली तरी इमेजमध्ये यूटीएफ-८ लोकेल स्पष्ट लिहून टाकावे.

वेळेची चूक याहून महाग पडते. कंटेनरचे घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. १ एप्रिलच्या पहाटे साडेपाचच्या आत तयार झालेल्या पावतीवर म्हणूनच ३१ मार्च ही तारीख पडते आणि पावती आदल्या आर्थिक वर्षात जाते. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीतच ठेवावी आणि पावतीवर छापताना आशिया/कोलकाता या टाइमझोनमध्ये बदलावी, हा उत्तम मार्ग. तो साधण्यासाठी इमेजमध्ये टाइमझोनची माहिती असलेले टीझेडडेटा पॅकेज हवे. अल्पाइनच्या मूळ इमेजमध्ये ते नसते. अशा वेळी टाइमझोनचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बरोबर लिहिले असले, तरी सिस्टिम कोणतीही तक्रार न करता यूटीसीच दाखवत राहते.

चालवणे आणि थांबवणे

कंटेनर थांबवताना डॉकर आधी 'सिगटर्म' हा संदेश पाठवतो, दहा सेकंद वाट पाहतो आणि मग 'सिगकिल'ने प्रोसेस बंद पाडतो. कुबरनेटीसमध्ये ही मुदत मुळात ३० सेकंदांची असते. या वेळात अ‍ॅप्लिकेशनने हातातली कामे संपवावीत अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात अनेक कंटेनर पुरते दहा सेकंद घेऊन मरतात. त्याचे कारण क्रमांक १ मध्ये दडलेले आहे. संदेश क्रमांक १ च्या प्रोसेसकडे जातो, आणि त्या प्रोसेसने तो हाताळण्याची तजवीज केली नसेल, तर कर्नल तो तिच्यापर्यंत पोचवतच नाही. सुरुवातीची शेल स्क्रिप्ट क्रमांक १ वर बसली आणि तिने अ‍ॅप्लिकेशनला पोटात सुरू केले, तर अ‍ॅप्लिकेशनला थांबण्याची सूचना कधी मिळतच नाही. उपाय एका शब्दाचा आहे: स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत आज्ञेआधी 'एक्झेक' लिहावे, म्हणजे शेलची जागा अ‍ॅप्लिकेशन घेते. डॉकरफाइलमध्ये सुरुवातीची आज्ञाही चौकटी कंसातल्या यादीच्या स्वरूपात द्यावी.

कंटेनर १३७ या कोडने बंद पडला, तर त्याला 'सिगकिल' मिळाला असे समजावे. मेमरीची मर्यादा ओलांडली तरी हाच कोड येतो. इन्स्पेक्ट आज्ञेच्या उत्तरात 'ओओएम किल्ड' खरे आहे का ते पाहिले की दोन्हींतला फरक कळतो. मर्यादा घालताना आणखी एक गोष्ट पाहावी. सीपीयूचा वाटा अर्ध्यावर आणला, तरी सर्व्हरवर एकूण किती कोअर आहेत असे पायथॉनला विचारले की तो होस्टचाच आकडा सांगतो. पायथॉनच्या गनिकॉर्न या वेब सर्व्हरच्या प्रचलित सूत्रानुसार वर्करची संख्या कोअरच्या दुप्पट अधिक एक धरतात. १६ कोअरच्या सर्व्हरवर अर्ध्या सीपीयूची मुभा असलेल्या कंटेनरमध्ये या हिशेबाने ३३ वर्कर उभे राहतात आणि मेमरी भरून कंटेनर पुन्हापुन्हा मरतो. वर्करची संख्या हाताने लिहावी. जावा ८ च्या जुन्या आवृत्त्याही होस्टची मेमरी पाहून हीप ठरवत. ८यू१९१ पासून ती चूक दुरुस्त झाली.

लॉग फाइलमध्ये न लिहिता सरळ स्टँडर्ड आउटपुटवर सोडावेत. पायथॉन हे आउटपुट साठवून ठेवून मग सोडतो, त्यामुळे अ‍ॅप्लिकेशन कोसळले की शेवटच्या, म्हणजे सर्वांत मोलाच्या ओळी हरवतात. अनबफर्डची सेटिंग चालू ठेवावी. डॉकरचा नेहमीचा जेसन-फाइल लॉग मुळात कितीही वाढू शकतो. डिस्क भरून डेटाबेस बंद पडण्याचे हे एक सर्रास आढळणारे कारण आहे. लॉगच्या आकाराची आणि फाइलींच्या संख्येची कमाल मर्यादा सर्व्हर उभारतानाच लिहावी.

डेटा

कंटेनर काढून टाकला की त्याचा लिहिता येणारा थरही जातो. पोस्टग्रेसचा डेटा म्हणून कंटेनरबाहेर टिकणाऱ्या व्हॉल्यूममध्येच ठेवावा. व्हॉल्यूम लावल्यावर काही चाचणी नोंदी भराव्यात, कंटेनर काढून नवा सुरू करावा आणि नोंदी जागेवर आहेत का हे पाहावे. पाच मिनिटांची ही तपासणी चुकीच्या फोल्डरला लावलेले व्हॉल्यूम लगेच उघडे पाडते. डिस्कवर जागा करण्यासाठी प्रून आज्ञा देताना व्हॉल्यूमचा पर्याय जोडू नये. थांबवलेल्या डेटाबेसचा डेटा त्यात जाऊ शकतो.

व्हॉल्यूम म्हणजे बॅकअप नव्हे. पीजीडंपने रोज डंप काढावा, तो दुसऱ्या यंत्रावर न्यावा आणि अधूनमधून रिकाम्या कंटेनरमध्ये उतरवून पाहावा. कंटेनरचा हा फार मोठा फायदा आहे: बॅकअप तपासायला आता वेगळा सर्व्हर लागत नाही. पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती बदलताना केवळ टॅग बदलून भागत नाही, कारण १५ ने लिहिलेल्या फाइली १६ उघडत नाही. डंप काढून नव्या आवृत्तीत उतरवावा किंवा पीजीअपग्रेड वापरावे. अल्पाइनवरच्या पोस्टग्रेसचे व्हॉल्यूम डेबियनवरच्या पोस्टग्रेसला जोडण्याचीही चूक करू नये. दोन्हींच्या सी लायब्ररी मजकुराचा क्रम वेगळा लावतात. सभासदांची मराठी नावे जुन्या क्रमाने इंडेक्समध्ये बसलेली असतात आणि नवा सर्व्हर ती नव्या क्रमाने शोधतो. नोंद टेबलात असते, पण शोधात सापडत नाही.

नेटवर्क आणि अधिकार

कंटेनरमध्ये लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. अ‍ॅप्लिकेशनने डेटाबेस लोकलहोस्टवर शोधला तर तो मिळत नाही. दोन्ही कंटेनर एका स्वतंत्र नेटवर्कवर ठेवून डेटाबेसला नावाने हाक मारावी. डॉकरच्या मूळ ब्रिज नेटवर्कवर नावे चालत नाहीत. अनेक कंटेनर एका फाइलीतून चालवणारे डॉकरचे कंपोज वापरले तर असे नेटवर्क आपोआप तयार होते. उलट बाजूने, अ‍ॅप्लिकेशन आत १२७.०.०.१ वरच ऐकत असेल, तर पोर्ट उघडूनही ते बाहेरून दिसत नाही. ते ०.०.०.० वर ऐकले पाहिजे. कंपोजमध्ये एक सेवा दुसरीवर अवलंबून आहे एवढेच लिहिले, तर डेटाबेसचा कंटेनर सुरू होईपर्यंतच वाट पाहिली जाते, तो जोडण्या घेण्याइतका तयार होईपर्यंत नाही. त्यासाठी हेल्थचेक लिहून 'सर्व्हिस हेल्दी' ही अट घालावी.

पोर्ट उघडताना आयपी पत्ता लिहिला नाही, तर डॉकर तो सर्व्हरच्या सगळ्या पत्त्यांवर उघडतो आणि स्वतःचे फायरवॉलचे नियम लिहितो. उबुंटूच्या यूएफडब्ल्यूमध्ये तो पोर्ट बंद दिसत असला, तरी इंटरनेटवरून पोस्टग्रेसपर्यंत पोचता येते. डेटाबेसचा पोर्ट मुळात उघडूच नये. देखभालीसाठी लागलाच तर १२७.०.०.१ लिहून फक्त सर्व्हरपुरता उघडावा.

अ‍ॅप्लिकेशन रूट म्हणून चालवू नये; डॉकरफाइलमध्ये साधा वापरकर्ता तयार करून त्याच्या नावाने चालवावे. डॉकर गटात घातलेल्या माणसाला प्रत्यक्षात त्या सर्व्हरचा रूट अधिकार मिळतो, कारण तो होस्टची संपूर्ण डिस्क एखाद्या कंटेनरला जोडू शकतो. कंटेनरला डॉकरचे सॉकेट देणे हेही तितकेच गंभीर आहे. पॉडमॅन सामान्य वापरकर्त्याच्या अधिकारात कंटेनर चालवतो, म्हणून अनेकांनी मिळून वापरायच्या सर्व्हरवर तो अधिक सुरक्षित ठरतो.

एका सर्व्हरवर मावणाऱ्या कामासाठी कुबरनेटीसची गरज नाही. २०१४ मध्ये गूगलने खुले केलेले हे साधन अनेक यंत्रांवर शेकडो कंटेनर वाटण्यासाठी आहे, आणि ते सांभाळायला माणसे लागतात. सोसायटीच्या पावत्यांसारख्या अ‍ॅप्लिकेशनला कंपोजची एक फाइल आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर कंटेनर उठवणारे रीस्टार्ट धोरण पुरेसे आहे.

नवी आवृत्ती चढवताना आधीची इमेज रजिस्ट्रीत, म्हणजे इमेज साठवण्याच्या जागी, आणि सर्व्हरवर राहू द्यावी, म्हणजे बिघाड झाल्यास जुना टॅग लावून मागे येता येते. डेटाबेसची रचना मात्र इमेजबरोबर मागे येत नाही. म्हणून कॉलमचे नाव बदलायचे असेल तर ते एका फेरीत बदलू नये. पहिल्या आवृत्तीत नवा कॉलम जोडावा आणि दोन्हींत लिहावे, जुन्या नोंदी नव्या कॉलममध्ये भराव्यात, मग वाचन नव्यावर न्यावे. जुना कॉलम त्याच्याही पुढच्या आवृत्तीत, मागे जाण्याची वेळ येणार नाही अशी खात्री झाल्यावर काढावा.